काका बाहेर थांबले होते

रविवारी चार वाजता आमचा मेंढीकोट असतो. आमचा म्हणजे कागद मिलच्या कॉलनीतल्या मराठी घरांचा. लोक निवृत्त झाले तसे कोणी पुण्याला मुलाकडे गेले, कोणी नाशिकला, कोणी परत जळगावला. आम्ही काही घरं बुऱ्हाणपुरात आलो. पूर्वी पत्त्यांसाठी कॉलनीच्या क्लबातली सतरंजी होती, आता फोनवरचं ॲप आहे, त्यात एकमेकांचा नुसता आवाज येतो. चौघांचं टेबल, समोरासमोर बसलेले दोघे भिडू, आणि सगळा जीव चार दश्श्यांवर. दश्शीला आम्ही मेंढी म्हणतो. ज्या जोडीकडे मेंढ्या जास्त ती जिंकली. चारही आल्या तर समोरच्यावर कोट. पैसे लावत नाही. वर्षातून एक-दोनदा स्पर्धा होते आणि जिंकलेल्या जोडीचा फोटो महिनाभर ग्रुपच्या वरच्या गोलात लागतो. बक्षीस एवढंच. त्या गोलासाठी माणसं काय करू शकतात ते मला सांगायचं आहे. माणसं म्हणजे मीच.

सुरुवातीला आमच्याकडे वेळ नावाची गोष्टच नव्हती. चारचा डाव पावणेपाचला लागायचा. कोणाचा चहा व्हायचा होता, कोणाची लाइट गेली होती. पुण्याच्या एक वहिनी एकदा म्हणाल्या, "पार्किंग मिळत नव्हतं हो." घरात सोफ्यावर बसून खेळायच्या खेळाला पार्किंग कशाला लागतं हे त्यांना कोणी विचारलं नाही, पण ते वाक्य ग्रुपमध्ये राहून गेलं. आजही कोणी उशिरा आलं की दुसरा विचारतो, "काय भाऊ, पार्किंग मिळालं का?"

मग सगळ्यांनी मिळून काम माझ्या गळ्यात टाकलं. मी कॉलेजच्या कार्यालयात आहे, तेव्हा नियम मलाच येणार असं त्यांना वाटलं असावं. मी दोन नियम केले. पहिला, नवरा-बायको भिडू असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं, कारण एका घरातून हुकूम सांगणारा खोकला फार येऊ लागला होता. दुसरा, टेबल चारला उघडेल, दहा मिनिटं वाट पाहू, त्यानंतर जोडीतलं एक जरी कमी असेल तर डाव समोरच्यांना.

टेबल मीच उघडायचो. ज्याला यायचंय त्याच्या नावाची एक पट्टी माझ्या फोनवर वर उमटते, मी 'हो' दाबलं की तो आत येतो. दाबेपर्यंत त्याच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहतं. थोड्या वेळाने पट्टी आपोआप जाते आणि मागे काही उरत नाही. हे सगळ्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

आमच्यात सगळ्यात पक्के खेळाडू म्हणजे काका आणि काकू. नात्याने आमचे कोणी नाहीत. कॉलनीत आमच्या शेजारची लाइन त्यांची, आणि आता इथे लोधीपुऱ्यात दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. काका मिलच्या टाइम ऑफिसात होते. गेटवर बसून कामगारांची हजेरी घ्यायची, भोंगा झाल्यावर आलेल्याला बाजूला उभं करायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मिलवाल्यांच्या घरात भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढेच असतं, तसं त्यांचंही होतं. पत्त्यांना बसताना ते इस्त्रीचा शर्ट घालायचे. फोनवर कोणाला दिसत नाही हो, असं काकू म्हणायच्या, ते म्हणायचे, "मला दिसतं ना." आणि उशिरा येणाऱ्याला त्यांचं ठरलेलं होतं, "या साहेब, अर्धा दिवस कापला." मलाही एकदा त्यांनी सगळ्यांसमोर हेच ऐकवलं होतं. टेबल उघडायला मीच चुकलो होतो, तेव्हा.

गेल्या हिवाळ्यात उपांत्य फेरीत ते दोघं आणि मी व माझी पत्नी समोरासमोर आलो. मी आयुष्यात काही जिंकलेलो नाही. शाळेत नाही, नोकरीत नाही. हे कारण म्हणून सांगत नाही, त्या दुपारी माझ्या डोक्यात जे होतं ते सांगतो.

काकू चारला आत आल्या. त्या स्वयंपाकघरात बसायच्या, काका बाहेरच्या खोलीत. पत्नी आमच्या आतल्या खोलीतून आली. बोलणं चालू झालं, बाकीची मंडळी ऐकायला येऊन बसली. काकांचं नाव दिसेना. मग काही मिनिटांनी पट्टी उमटली. काकांचं नाव. दहा मिनिटं अजून व्हायची होती.

मी लगेच दाबलं नाही. आधी खरंच गंमत वाटली. म्हटलं थांबू दे जरा, आज मी म्हणतो अर्धा दिवस कापला. मनात वाक्यही जुळवून ठेवलं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "काका आणि लेट? आज सूर्य कुठून उगवला?" सगळे हसले. आणि मला दिसलं की दाबलं नाही तर आम्ही फायनलला.

काकू आतून ओरडल्या, "अहो, आलात का?"

बाहेरून काकांचा आवाज काकूंच्या फोनवरून आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "फिरतंय."

"फिरतंय काय, बटण दाबलंत का?"

"दाबलं. फिरतंय नुसतं."

"दुसरंच काहीतरी दाबलं असेल," काकू आम्हाला म्हणाल्या, आणि मग हसत, पण वैतागून, "यांना आजकाल काही समजत नाही. सकाळी चष्मा डोक्यावर ठेवून शोधत होते."

पट्टी गेली आणि परत उमटली. म्हणजे काकांनी पुन्हा दाबलं होतं. माझा अंगठा फोनच्या बाजूलाच होता. दहा मिनिटं भरली तेव्हा मी म्हणालो, "काकू, वेळ झाली. नियम तो नियम, काय करणार?" माझा आवाज चांगला दिलगीर होता, ते मला तेव्हाही जाणवलं.

संध्याकाळी काकांनी ग्रुपवर लिहिलं, 'आमची चूक. नियम सर्वांना सारखा.' पुढच्या रविवारी आम्ही फायनल जिंकलो. गोलात आमचा फोटो लागला. पत्नी त्यासाठी नवी साडी नेसली होती.

चार दिवसांनी काका घरी आले. बसले नाहीत. "मी चाकावर होतो रे. तुझ्याकडे काहीच आलं नाही?"

"नाही काका."

"मग घड्याळ माझं मागे पडलं असणार."

"पडलं असेल," मी म्हणालो.

ते घड्याळ उतरवून चौकातल्या घड्याळजीकडे घेऊन गेले. तो म्हणाला, चाचा, घडी तो एकदम ठीक है, दस मिनट आगे ही चल रही है. काकांनी हे मला रस्त्यात भेटल्यावर सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "घड्याळ बरोबर आहे म्हणजे बिघाड दुसरीकडे आहे." ते हसले नाहीत. बोट मात्र कपाळाजवळ नेलं.

त्यानंतर त्यांनी खेळणं सोडलं. दवाखान्याची वेळ अकराची असेल तर नऊलाच जाऊन बसू लागले. गॅस बंद केला का, हे काकूंना तीनतीनदा विचारायचे, आणि विचारल्यावर विचारलं म्हणून माफी मागायचे. काकू माझ्या पत्नीला म्हणाल्या, "त्या दिवशीपासून यांचा स्वतःवरचा भरोसाच गेला." पत्नीने हे मला जेवताना सांगितलं. मी भाजी वाढून घेतली.

उन्हाळ्यात त्यांचा मुलगा पुण्याहून आला. माझ्याच वयाचा, कॉलनीच्या शाळेत एका बाकावर बसलेलो. मला म्हणाला, "यार, बाबांचं काही खरं नाही. फोन लावून बसलो होतो म्हणतात, आणि लावलेलाच नसतो. आईनेच सांगितलं, तुमच्या त्या पत्त्यांच्या वेळेपासून सुरू झालं. आता इथे दोघांना ठेवणं बरोबर नाही. घर काढून टाकतो. रविवारी माणूस येतोय बघायला."

"काका काय म्हणतात?"

"काय म्हणणार? म्हणाले, मला आता विचारू नका, माझं चुकतं."

हे ऐकल्यावरही मी आणखी दोन दिवस घेतले. उशिराबद्दल लिहितोय तर हेही लिहायला हवं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो. काका बाहेरच्या खोलीत बसले होते, काकू आत होत्या. मुलगा बँकेत गेला होता. मी उभ्यानेच सांगितलं. पट्टी आली होती, दोनदा आली होती, वेळेच्या आत आली होती, मी दाबलं नाही.

काकांनी हजेरीबाबूसारखे प्रश्न विचारले.

"नाव माझंच होतं?"

"तुमचंच."

"दहा मिनिटं झाली नव्हती?"

"नव्हती."

"दुसऱ्यांदा आली तेव्हाही नाही?"

"तेव्हाही नाही."

त्यांनी मान वळवून आत आवाज दिला, "ऐकलं का? मी आलो होतो."

काकू बाहेर आल्या. हाताला पीठ होतं. त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. त्या खुर्चीवर बसल्या.

काका म्हणाले, "आमच्याकडे एखाद्याला चुकून लेट लावला तर दुसऱ्या दिवशी गेटवरच, सगळ्यांसमोर, काढायचा. ऑफिसात बोलावून कानात सांगितलेलं चालत नव्हतं. काढ फोन."

मी तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. 'उपांत्य फेरीत तांत्रिक कारणामुळे काकांना आत घेता आलं नाही...'

"तांत्रिक काय त्यात? अंगठा तांत्रिक होता का तुझा?"

ते मी खोडलं. 'काका वेळेत आले होते. मला दिसत होतं. जिंकण्यासाठी मी त्यांना आत घेतलं नाही आणि नंतर खोटं बोललो.' काकांनी फोन हातात घेऊन स्वतः वाचलं आणि परत दिला. मी पाठवलं.

नाशिकच्या एकांनी ग्रुपवर लिहिलं, 'हे वाचून वाईट वाटलं.' वहिनींनीही पार्किंगचा विषय काढला नाही. गोलातला फोटो केव्हाच बदलला होता, पण पत्नीने घरातल्या कपाटावर लावलेली त्याची प्रत काढली. ती एवढंच म्हणाली, "मीही होते त्यात." पुढे काही दिवसांनी तिने विचारलं, काकांनी तुमच्या वडिलांना एकदा गेटवर थांबवलं होतं, ते मनात होतं का? थांबवलं होतं हे खरं आहे. ते मनात असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी कारण झालं असतं. नव्हतं.

मुलगा परत आला तेव्हा काकांनी त्याला फोन दाखवला. तो मला जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. त्याचं बरोबर होतं. घर बघायला येणाऱ्या माणसाला त्याने नको म्हणून कळवलं. पुण्याला डॉक्टरांना दाखवायचंच, असा त्याचा हट्ट राहिला. काका म्हणाले, "दाखवू. परतीचं तिकीट आधी काढ." गेले, आले. वयाप्रमाणे आहे, असं डॉक्टर म्हणाले. थोडं विसरणं आहेच, ते काही माझ्यामुळे नव्हतं. पण त्याला घाबरून राहणं माझ्यामुळे होतं, आणि ते बरंचसं गेलं. टेबल उघडण्याचं काम आता जळगावचे एक जण करतात. काका पुन्हा खेळतात. भिडू म्हणून त्यांनी माझ्या पत्नीला मागून घेतलं. दोघं आमच्या सगळ्यांवर कोट चढवतात.

काकू खेळत नाहीत.

कबुली दिली त्या दुपारी मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, "ते तुला माफ करतील. गेटवर जन्मभर लोकांचे बहाणे ऐकलेत त्यांनी, सवय आहे. मी माझ्या माणसाला चार लोकांत बिनडोक ठरवलं. तो बाहेरच्या खोलीत ऐकत होता आणि तू इकडे ऐकत होतास. तुला तर खरं माहीत होतं. तुला तेव्हाही थांबवावंसं वाटलं नाही मला?"

मी म्हणालो, "नाही वाटलं काकू."

त्यांनी मान हलवली, जणू एवढं खरं बोललो ते तरी नोंदवून घेतलं, आणि दार लावलं.

आता मी अधूनमधून संध्याकाळी काकांकडे जातो. आम्ही बोलतो, केळीचा भाव काय, मिलचं काय चाललंय. काकू आत असतात, भांड्यांचा आवाज येतो. थोड्या वेळाने काका उठतात, आत जातात आणि चहा घेऊन येतात. पूर्वी काकू आणून द्यायच्या. थोडा चहा बशीत सांडतो. मी मध्ये उठून कप घ्यायला जात नाही. ते त्यांना आवडत नाही.