राखून ठेवलेले पाऊल

नव्वदच्या दशकात धुळ्याच्या वसतिगृहात आम्ही रविवारी दुपारी एक खेळ खेळत असू. प्रत्येकाचे एक पात्र, त्याची ताकद कागदावर लिहिलेली. वार लागला की चुकला, ते फासे ठरवीत. नियमांचे पुस्तक एका मित्राला त्याच्या मामाने परदेशातून पाठवले होते, म्हणून खेळ तोच चालवी आणि राक्षसही तोच हलवी. शहाबादी फरशीवर खडूने घरे आखलेली असत. आम्ही म्हणजे कॅरमच्या सोंगट्या, राक्षस म्हणजे टॉर्चचा सेल.

आपली पाळी आली की सरकायचे, एरवी नाही. याला अपवाद एकच. पाळीत वार न करता पाऊल राखून ठेवता येई. मग शत्रू हलला की त्याची चाल मध्येच अडवून ते टाकायचे. पण एकदाच. आम्ही बहुतेक जण सेल जरा सरकताच ते उधळून टाकत असू.

त्या रविवारी माझा वैद्य मरायला टेकला होता. आणखी एक घाव, की संपला. पात्र मेले की त्याचा कागद फाडायचा, हा आमचा दंडक. हा वैद्य मी पहिल्या वर्षापासून जपला होता.

शेजारी चोपडा गावच्या एका मित्राचा ढालकरी होता. त्याने वार सोडून पाऊल राखले. खेळ चालवणाऱ्याने विचारले, ढाल काय केळीचे घड झाकायला आणली आहे? तो नुसता हसला.

सेल खडूने आखलेल्या दाराकडे निघाला. माझाच हात ढालकऱ्याच्या सोंगटीकडे गेला. चोपड्याच्या मित्राने माझे मनगट धरले.

“हाई हूल शे, भाऊ.”

तो गावाकडे आट्यापाट्यांत पाटी धरून उभा राहत असे. समोरच्याचा पहिला झोका खोटा असतो, हे त्याच्या अंगात मुरले होते. दारापाशी पोचलेला सेल खरोखरच वळला आणि थेट माझ्याकडे आला. मध्ये एकच घर उरले.

“आते मी सरकस,” तो म्हणाला.

खेळ चालवणाऱ्याचा हात सेलसकट हवेत थांबला. पाळी राक्षसाची होती, आणि तिच्या ऐन मध्यात ढालकऱ्याची सोंगटी शांतपणे त्या मधल्या घरात सरकली. एका चालीच्या पोटात एवढी जागा असते, हे मी तोवर पाहिले नव्हते.

फासे पडले. घाव बसला, पण ढालकऱ्याला.

पुढची पाळी माझी होती. वैद्याने त्याची जखम बांधली.