नॉर्बर्टच्या डोक्यातली काउंटी

आमच्या नॉर्बर्टला रस्ता विचारू नका. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं मी हे लोकांना सांगत आलेय. तरी लोक विचारतात आणि तो सांगतो. "शाळा होती ना, तिथून डावीकडे वळा." शाळा पाडून बावीस वर्षं झाली. "पुढे मासार्टचा गोठा लागेल." मासार्ट गेला, गाई विकल्या, तिथे आता लोकांच्या बोटी ठेवतात. अमेरिकेतल्या आमच्या ग्रीन बे शहरात काय किंवा भोवतालच्या ब्राउन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात काय, आम्ही सगळेच थोडेफार असे बोलतो, पण हा म्हणजे कहर आहे.

तीस वर्षं त्याने काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. रिटायर झाला आणि आठ दिवसांत माझ्या पायात पायात यायला लागला. साखरेचा डबा कुठे ठेवावा यावर मतं द्यायला लागला, तेव्हा मीच त्याला हाकलला. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणारी काउंटीची व्हॅन असते, तिच्यावर ड्रायव्हर म्हणून लागला. तीही अकरा वर्षं चालवली. बोटीसाठी नदीवरचा पूल कधी उघडतो, फुटबॉलच्या मॅचला कुठल्या गल्लीत शिरायचं नाही, कुणाच्या अंगणात कुत्रं मोकळं असतं, सगळं तोंडपाठ. घरी आला की सुखात असायचा, आणि मीही.

मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलायचा आणि व्हॅन कायमची सोडायची. त्याच्या जागी किया लोर आली. मूळच्या लाओसकडच्या मोंग लोकांतली, वॉसॉ शहराकडची, दोन मुलांची आई. आमच्या भागात नवीन. नॉर्बर्टने दोन आठवडे तिला शेजारी बसवून सगळं दाखवलं.

"ती सारखी फोनमध्ये बघते," तो जेवताना कुरकुरला.

"बघू दे की. फोनमध्ये निदान आजचा रस्ता असतो."

एकच घर दाखवायचं राहिलं, युलाली डेलविशचं. नॉर्बर्ट तिला मावशी म्हणतो. वय अठ्ठ्याऐंशी, न्यू फ्रँकन गावाच्या शेतांत एकटी राहते. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचं डायलिसिस असतं, आणि व्हॅनमध्ये नॉर्बर्टशिवाय तिला दुसरं माणूस चालत नाही. एकदा दुसरा ड्रायव्हर गेला तर तिने दारच उघडलं नाही. तेव्हा मिलवॉकीला राहणाऱ्या तिच्या मुलाने तिला बजावलं होतं, "आई, आता एकदा जरी डायलिसिस चुकवलंस तर तुला इकडच्या वृद्धाश्रमात आणणार." खोलीसुद्धा बघून ठेवली होती त्याने. म्हणून तर आमचे हे गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलत बसले होते.

"मावशीला कोण नेणार?"

"तू मेल्यावर कोण नेणार होतं?" मी म्हटलं. ओव्हनमधून सुक्या आलुबुखाऱ्याचा 'पाय', आमच्याकडचा गोड पदार्थ, बाहेर येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

शेवटी दवाखान्यातूनच फोन आला. कुणाची तरी तारीख रद्द झाली होती, मंगळवारीच या म्हणाले. मावशीच्या घराचा नंबर फोनमध्ये टाकला की फोन ओढ्याच्या पलीकडे नेऊन उभं करतो. म्हणून नॉर्बर्टने कियाला एका पाकिटावर रस्ता लिहून दिला, आणि मावशीला फोन करून किया येणार असल्याचं सांगून ठेवलं.

बुधवारी सकाळी तो घरी होता, नव्या गुडघ्यावर बर्फ, हातात फोन. किया सातला पोचायची होती. साडेसातला युलालीचा फोन आला. "तुझी बाई काही आली नाही रे. मी अंगातला कोट काढून ठेवते, आज जात नाही."

नॉर्बर्टचा चेहरा उतरला. कियाला फोन लावला, तर गाडी चालवताना ती उचलत नाही. मी विचारलं, "पाकिटावर काय लिहिलं होतंस?"

"चर्चवरून डावीकडे, चीजच्या कारखान्यापाशी उजवीकडे, लाल कोठार संपलं की दुसरं घर."

मी खाली बसले. "नॉर्बर्ट, ते कोठार जळून अडतीस वर्षं झाली."

"मला दिसतं ते अजून," तो हळूच म्हणाला. मला राग आला आणि त्याची दयाही आली.

तिकडे काय झालं ते कियाने मग याच टेबलाशी बसून मला सांगितलं. कारखान्याचा आता बार झालाय, पण भिंतीवरची जुनी पाटी वाचून ती बरोबर वळली. कोठार मात्र सापडेना. तीन फेऱ्या मारल्या. शेवटी एकेका फाटकाशी थांबत गेली. युलाली दारातच उभी होती, अंगात कोट नाही.

"उशीर झाला, बाई. आता राहू दे."

"आजी, चूक माझी आहे. लाल कोठार शोधत बसले, ते सापडलंच नाही."

"कुठलं कोठार?"

कियाने पाकीट पुढे केलं. युलालीने ते लांब धरून वाचलं. "हे आमचं. माझ्या नवऱ्याने, ओमेरने बांधलेलं. जळलं तेव्हापासून माझ्यापुढे कुणी त्याचं नाव काढत नाही. मला वाईट वाटेल म्हणून. आणि तू शोधत होतीस?"

"हो. तीनदा."

म्हातारीने आतल्या खुंटीकडे बोट केलं. मग म्हणाली, "तो कोट दे इकडे. चल, कुठे होतं ते दाखवते तुला."

नऊला नॉर्बर्टचा फोन वाजला. युलालीच होती. "पोचले रे. उशीर झाला, पण मशीन लावलंय. या पोरीला आपल्याकडचं काही म्हणजे काही माहीत नाही. ओमेर पहिल्यांदा मला कुठे भेटला, तो बँडवाला नाचाचा हॉल कुठे होता, काही नाही. शुक्रवारी हिलाच पाठवायला सांग. मी पुढे बसणार आहे."

"बरं, मावशी," नॉर्बर्ट म्हणाला आणि फोन मांडीवर ठेवला. मला इतकं हायसं वाटलं, की मी उठून दुसऱ्यांदा कॉफी केली. कप त्याच्या हातात दिला तरी तो खिडकीबाहेरच बघत होता.

"पुढे बसणार म्हणते. माझ्या व्हॅनमध्ये अकरा वर्षं मागच्या सीटवर डोळे मिटून बसायची."

"तुला सगळं माहीत होतं ना. तुला काय सांगणार ती?"

त्याने कॉफीचा एक घोट घेतला. "माहीत असलं तरी," तो म्हणाला, "विचारायला हवं होतं मी."