सुपारीच्या खांडाचंही नाही

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या त्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर मराठी निघाली आणि मी बिथरले. सगळं तिथून बिघडलं. तिचा दोष काडीचाही नाही, सगळा माझाच.

मुलगा बत्तीस वर्षांचा. सकाळी सायकलवरून पडला आणि नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आधी ती पडदा सारून आत आली. मंडळाच्या गणपतीत आम्ही दोघींनी मसालेभाताची पातेली उचलली होती. "अय्या, काकू, तुम्ही?" म्हणाली. मुलाला इंग्रजीत दोनचार प्रश्न विचारले आणि मग आपुलकीनं माझ्याकडे वळली. "काकू, रोजची काही औषधं? व्यसन वगैरे?"

इंग्रजीत विचारलं असतं, तर कदाचित मी मान तरी हलवली असती. पण 'व्यसन' हा शब्द माझ्या आईच्या तोंडचा, लग्नाच्या बैठकीतला. माझं तोंड आपसूक सुटलं. "छे गं! सुपारीच्या खांडाचंही नाही. औषध म्हणशील तर व्हिटॅमिन डी."

स्थळ सांगावं तसा ठसका होता माझा. मुलानं तोंड उघडलं होतं. माझ्याकडे पाहून त्यानं ते मिटलं.

खरं असं होतं, की कॉलेजात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मिळालेल्या पेनकिलरच्या गोळ्यांनी त्याला धरलं ते सोडलंच नाही. दहा वर्षं त्यात गेली. आता दोन वर्षं तो उपचार घेत होता. रोज सकाळी जिभेखाली औषधाची पातळ पट्टी ठेवायची, मगच कामाला जायचं. हे औषध चालू असलं की नेहमीच्या मात्रेत दुखणं थांबत नाही, आणि ते बंद केलं तर शरीर बंड करतं, हे त्यानंच मला सांगितलं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाला होता, "आई, आय ॲम ॲन ॲडिक्ट. आय ॲम गेटिंग हेल्प." मी म्हटलं होतं, "हळू बोल." घरात आम्ही दोघंच होतो.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला तो कण्हतच. अंगातून घामाच्या धारा, पलंगाचा कठडा धरलेली बोटं पांढरीफटक. नर्सनं दोनदा दुखण्यावरचं औषध दिलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही हॅज हॅड इनफ." आणि मी काय करावं? तिच्यादेखत मुलाला म्हटलं, "एवढं काय रे, जरा सोस की." हे वाक्य आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नर्स गेल्यावर त्यानं माझं मनगट धरलं. "आई, आय कान्ट. हे थांबलं नाही ना, तर मी बाहेर जाऊन काय घेईन, आय नो."

मी पळत सुटले. साठी उलटलेली बाई हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून चपला हातात घेऊन पळतेय. डॉक्टर लिफ्टपाशी भेटली. "मी खोटं बोलले," म्हटलं. पुढचं बोलायला जीभ रेटेना. देवा, याचा जीव जाईल पण माझी लाज जाणार नाही, असं वाटून मी तिथेच रडायला लागले, आणि रडत रडतच सगळं सांगितलं.

ती रागावली नाही. "कुठलं औषध? शेवटचं कधी घेतलं?" एवढंच विचारून झपाझप निघाली. पायाच्या नसेपाशी इंजेक्शन देऊन तो भाग बधिर केला, त्याचं रोजचं औषध पुन्हा सुरू केलं, आणखीही काही जोडलं. जाताना म्हणाली, "काकू, सकाळी कळलं असतं तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

तासाभरानं त्याची बोटं कठड्यावरून सुटली. मी त्याचा घाम पुसत होते. रागच आला मला, त्याचा की माझा कोण जाणे. "अरे, मी चुकले, पण तुला तोंड नव्हतं का? सकाळपासून का नाही बोललास?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. घरी निम्मंअर्धं इंग्रजीत बोलणारा माझा मुलगा स्वच्छ मराठीत म्हणाला, "तूच सांगितलं होतंस ना, हळू बोल म्हणून."