कुसुमबाईंची खुर्ची

तलासरीजवळच्या डोंगरउतारावर भात आणि नागली पिकवणाऱ्या झिपरूची मुलगी नर्स होईल, असं गावात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. झिपरूला मिरगी होती. बांधावर चालता चालता तो कोसळायचा, माणसं कांदा घेऊन धावायची, आणि रविना मात्र बापाला कुशीवर वळवून शेजारी बसून राहायची. आश्रमशाळेतल्या बाईंनी तिला तेवढं शिकवलं होतं. पुढे तिने नर्सिंगचा कोर्स केला, वापीच्या एका रुग्णालयात मेंदूच्या रुग्णांची शुश्रूषा केली, आणि बाप गेल्यावर आईजवळ राहता यावं म्हणून घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळायचं काम धरलं.

सध्या ती चिखल्याला गोविंदरावांकडे जात होती. चिकूच्या वाडीत सगळी हयात घालवलेला हा माणूस पक्षाघाताने पलंगाला खिळला होता. डावा हात आणि पाय लुळा पडला होता. बोलणं शाबूत होतं. त्यांच्या पत्नी कुसुमबाई पलंगाच्या डाव्या अंगाला खुर्ची टाकून बसत. उजवीकडे खिडकी आणि औषधांचं टेबल होतं. त्या बोलू लागल्या की गोविंदराव मान खिडकीकडे वळवत आणि वाडीकडे बघत राहत.

एकदा तर त्या शेजारी बसलेल्या असतानाच त्यांनी रविनाला हळूच विचारलं, “बाईसाहेब अजून रुसल्यात का गं? इकडे फिरकत नाहीत.”

कुसुमबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. रविना मागोमाग गेली.

“ऐकलंस ना? समोर बसले तरी टोमणा. झटका आला त्या सकाळी आमचं वाजलं होतं. समुद्राकडचा तुकडा रिसॉर्टवाल्याला देतो म्हणाले. मी म्हटलं, मग मलाही त्याच्यासोबत देऊन टाका. तो राग धरून बसलेत.”

दुपारी गोविंदरावांचं जेवण झाल्यावर रविना ताट घेऊन कुसुमबाईंसमोर आली. भाजी, आमटी संपली होती. भात सुरीने कापावा तसा उजव्या अंगाने तेवढा खाल्लेला होता. डावीकडे वाढलेलं मीठ, लिंबू, बोंबलाची चटणी जिथल्या तिथे होती.

“माझी चटणीसुद्धा टाकली,” कुसुमबाई म्हणाल्या.

“टाकली नाही, मावशी. आहे हेच त्यांना कळलं नाही. डोळे चांगले आहेत, पण डावीकडे काही असतं हे त्यांचा मेंदू विसरलाय. आवाज आला तरी ते उजवीकडेच शोधतात. आणि तुम्ही बसता डावीकडे.”

तिने ताट फिरवून पुन्हा गोविंदरावांपुढे ठेवलं. त्यांनी चटणी बोटाने निपटून खाल्ली. कुसुमबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला तेव्हा रविनाला राहवलं नाही. टेबल सरकवून तिने खुर्ची खिडकीजवळ ठेवली आणि बाईंना हाताला धरून तिथे बसवलं.

“आलीस?” गोविंदराव म्हणाले. “गेली होतीस कुठे इतके दिवस?”

त्या दिवसापासून घराची कळाच बदलली. ताटात सगळं उजवीकडे वाढलं जाऊ लागलं. पेपर, चष्मा, पाण्याचा तांब्या, सगळं उजवीकडे. नवरा-बायको कुणाच्या वाडीत किती फळ धरलंय यावर वाद घालत बसत. रविनाला घरी जाताना हलकं हलकं वाटायचं.

मग डहाणू रोडहून व्यायाम करून घ्यायला येणारे फिजिओथेरपिस्ट प्रविण आले. गोविंदरावांचा लुळा हात गादी आणि कठड्यात मुरगळून अडकला होता आणि त्यांना त्याची शुद्धच नव्हती. हात सोडवता सोडवता प्रविणनी खोलीभर नजर फिरवली.

“सगळी सोय इकडेच केलीत, सिस्टर? मग ते डावीकडे बघतील कशाला?”

रविनाचा चेहरा उतरला. वॉर्डात तीच नातेवाइकांना सांगायची, डावीकडे बसा, डावीकडून हाका मारा, म्हणजे विसरलेली बाजू मेंदूला हळूहळू आठवेल. इथे बाईंच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिने ते बाजूला ठेवलं होतं. प्रविण गेल्यावर ती म्हणाली, “चूक माझी आहे, मावशी. आता त्या बाजूला मी बसते. तुम्ही इथेच राहा.”

“तू?” कुसुमबाई म्हणाल्या. “तुझ्यासाठी कशाला मान वळवतील ते? रोज गोळ्या देतेस त्यांना.”

त्या थोडा वेळ नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. तो चेहरा त्यांच्याकडे वळलेला होता, हसत होता. मग त्या उठल्या, पलंगाला वळसा घातला आणि खुर्ची स्वतःच ओढत डाव्या अंगाला नेली.

“कुठे चाललीस?” गोविंदरावांनी रिकाम्या खिडकीला विचारलं.

“इकडे आहे. बघा.”

ते खिडकीतच शोधत राहिले. कुसुमबाईंनी त्यांचा लुळा हात मांडीवर घेतला आणि खांद्यापासून चोळू लागल्या. “इकडे. अजून इकडे या.” रविनाला गोविंदरावांची हनुवटी धरून वळवावीशी वाटत होती. तिने हात मागे बांधले.

बऱ्याच वेळाने नजर हलली. पलंगाच्या मध्यावर आली, थबकली, परत गेली. पुन्हा आली, आणि आपल्या निर्जीव बोटांवर फिरणाऱ्या बांगड्यांपाशी थांबली.

“हा हात कुणाचा?”

“ओळखा.”

गोविंदरावांनी कपाळाला आठ्या घालून विचार केला. “रिसॉर्टवाल्याला द्यायच्या बाईचा.”

कुसुमबाई हसल्या. त्यांचा चेहरा अजून गोविंदरावांना दिसला नव्हता. त्यांनी खुर्ची मागे घेतली नाही, चोळणंही थांबवलं नाही.

“हो,” त्या म्हणाल्या. “आता थोडं वर बघा.”