पुठ्ठ्याचे वाढदिवस

वेसेला इटलीला गेली ती जानेवारीत, आणि फेब्रुवारीच्या शेवटी रालित्साला सहावं सरून सातवं लागणार होतं. वेसेला म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरच्या ओग्न्यानची बायको. बेर्गामोत एका म्हाताऱ्या जोडप्याला सांभाळायचं काम तिला मिळालं होतं. बल्गेरियातल्या आमच्या लोम गावातून तेव्हा बायका अशाच जायच्या. पहाटेची मिनीबस, दोन पिशव्या, आणि पोरं झोपेत असतानाच दार ओढून घ्यायचं. उन्हाळ्यात येते, असं प्रत्येक बाई म्हणायची.

ओग्न्यान पाणीपुरवठ्याच्या पंपांवर कामाला होता. बोलायला इतका चिक्कू की जिन्यात समोर आला तरी "काय ताई" एवढंच म्हणायचा, आणि त्यातलंही अर्धं गिळायचा. त्यामुळे एका संध्याकाळी माझी बेल वाजली आणि दारात तो दिसला, तेव्हा मला वाटलं नळ फुटला.

"स्तानकाताई, तुम्ही बालवाडीत स्वयंपाक करता ना," तो म्हणाला. "सहा-सात वर्षांच्या पोरांना खायला काय लागतं?"

"तुला लागतं तेच. फक्त हातात धरून पळता येईल असं."

तो तसाच उभा. मग म्हणाला, "वेसेला म्हणते, त्या नव्या क्लबात कर वाढदिवस. घसरगुंड्या आहेत, केक तेच देतात. मी पैसे पाठवते. पण रालित्साने मला विचारलं, आई नसली की घरी वाढदिवस होत नाही का?"

"मग तू काय म्हणालास?"

"होतो म्हणालो."

"आणि आता?"

"आता करायला लागेल," तो म्हणाला आणि वर गेला.

पुढचे दिवस तो कामावरून येताना दुकानांच्या मागे टाकलेली खोकी घेऊन यायचा. फ्रिजची, टीव्हीची, केळ्यांची. जिन्यातून ती वर नेताना भिंतीला घासायची, आणि तळमजल्यावरची एमिलिया ओरडायची, "घर बदलतोयस का रे?" माझ्याकडून त्याने खळीसाठी पीठ नेलं, अंड्यांचे रिकामे ट्रे नेले, निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या नेल्या. काय करतोयस, असं विचारलं तर म्हणायचा, "बघू, जमतंय का."

वाढदिवसाच्या दिवशी मी चीज भरलेल्या, पापुद्र्यांच्या बनित्साचा ट्रे घेऊन वर गेले तर दाराच्या आत पुठ्ठ्याचं भुयार. मी, एवढी जाडजूड बाई, ट्रे पुढे ढकलत रांगत आत गेले. आत समुद्र होता. खिडक्यांवर निळ्या पिशव्या, त्यातून उजेड असा यायचा की आपले हातसुद्धा ओले वाटावेत. अंड्यांच्या ट्रेचे मासे छतापासून लोंबत होते, हलत होते. त्याच्या जुन्या स्वेटरचा आठ पायांचा प्राणी कपाटावरून खाली बघत होता. टेबलावर बिस्किटांचा आणि दुधाच्या क्रीमचा देवमासा. त्याची शेपूट घसरली होती.

"शेपटीला काय झालं?" एका पोरीने विचारलं.

ओग्न्यानने डोक्यावर कापलेली बादली घातली होती, पाणबुड्याची. आतून गंभीर आवाज आला, "वय झालंय त्याचं. थकलाय."

पोरं हसून लोळली. रालित्सा भुयाराच्या तोंडाशी पहारा देत होती. "बूट काढा," प्रत्येकाला सांगायची, "आणि नाक धरा." मुलांना न्यायला आलेल्या आया जिन्यात थांबून एकमेकींना विचारत होत्या, हा तोच का, पंपावरचा?

संध्याकाळी त्यांनी संगणकावरून वेसेलाला सगळं दाखवलं. चित्र सारखं अडकत होतं. वेसेला आधी रडली, मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "भिंतीला खिळे किती ठोकलेस?"

"एकही नाही. दोऱ्यावर आहे सगळं."

"आणि माझे पडदे?"

"ते समुद्राच्या मागे आहेत," रालित्सा म्हणाली.

त्यानंतर दरवर्षी नवं वर्ष उजाडलं की त्या घरात पुठ्ठा यायला लागायचा. एका वर्षी रेल्वे स्टेशन केलं. तिकीट तपासनीस म्हणून मला उभं केलं आणि मी खरोखरच एका पोराला विनातिकीट पकडलं. एका वर्षी चंद्र, त्यात सगळ्यांनी उशा बांधलेल्या बुटांनी चालायचं. एका वर्षी अस्वलांचं रान. तेव्हा खोलीभर वाळकी पानं होती आणि पुढे ईस्टरपर्यंत रालित्साच्या वह्यांतून पानं निघत होती. बाप-लेक दोघं जमिनीवर बसून कापायची, चिकटवायची. बोलणं कमीच. "ते दे." "हे नको." "बघ, वाकडं होतंय." मी खाली माझ्या स्वयंपाकघरात बसून ऐकायचे. माझा मुलगा स्पेनला. माझ्या घरात रेडिओ सोडून कोणी बोलत नसे, त्यामुळे त्यांचं "ते दे, हे नको" मला सोबतीसारखं झालं होतं.

वेसेला उन्हाळ्यात यायची, सगळ्यांना कपडे आणायची, घर घासूनपुसून काढायची. पण स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभी राहून विचारायची, "साखर कुठे ठेवता तुम्ही?" 'आपण' नाही, 'तुम्ही' म्हणायची. ती दोघं एकमेकांकडे बघून कशावर तरी हसली की ती विचारायची, "काय झालं?" मग रालित्सा समजावून सांगायला लागायची आणि सांगता सांगता त्यातली गंमतच जायची.

इकडे पाहुणे कमी होत गेले. एका साली रालित्साच्या मैत्रिणीच्या, इव्हाच्या घरचे जर्मनीला गेले. मग जुळी पोरं गेली, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची मुलगी. ओग्न्यान देखावे मात्र मोठेमोठे करत गेला. मी एकदा म्हटलं, "अरे, पोरं चार आणि तू गाव उभं करतोस."

"कमी मुलं असली की जागा रिकामी दिसते," तो म्हणाला. "भरायला लागते."

रालित्साच्या बाराव्या वाढदिवसाला त्याने खरंच गाव उभं केलं. आमचीच वस्ती. आमचा ब्लॉक, समोरचा ब्लॉक, बंद पडलेली बेकरी, नदीकडे जाणारा रस्ता. कमरेइतक्या उंचीच्या इमारती, आणि प्रत्येक खिडकीत आतून छोटा दिवा. इतकंच नाही, प्रत्येक खिडकीत एक पोर, कागदाचं, रंगवलेलं. इव्हाच्या खिडकीत इव्हा, चष्म्यासकट. जुळी पोरं, एकाच खिडकीत, भांडत. जी जी मुलं त्या वाढदिवसांना कधी येऊन गेली होती ती सगळी. मी वाकून एकेक खिडकी बघितली. मी म्हटलं, "ओग्न्यान, आजवरचं सगळ्यात सुंदर."

त्याच वेळी रालित्सा शाळेतून आली. दारात उभी राहून तिने सगळं बघितलं. दप्तरही खाली ठेवलं नाही.

"बाबा, मी तुला सांगितलं होतं. आम्ही पिझ्झा खायला जाणार आहोत. मुली खाली थांबल्यात."

"मुलींनाही बोलाव वर. मग जा."

"त्या हसतात, बाबा! म्हणतात, तुझा बाबा अजून तुझ्यासाठी खोकी कापतो." तिचा आवाज चिरकला. तिने त्या खिडक्यांकडे हात केला. "आणि हे काय आहे? सगळे गेलेले लोक! हा वाढदिवस आहे का स्मशान?"

"रालित्सा!" मी म्हटलं.

"जाऊ दे," ओग्न्यान म्हणाला. "जा तू. टोपी घाल, वारा आहे."

ती टोपी न घालता गेली. आम्ही दोघं त्या पुठ्ठ्याच्या वस्तीच्या कडेला खुर्च्यांवर बसलो. बनित्सा गरम होती म्हणून मी त्याला वाढली, त्याने ती खाल्लीही. संपल्यावर म्हणाला, "बरोबर आहे तिचं. मी स्वतःसाठीच केलं हे." मग उठून त्याने दिव्यांची वायर काढली.

त्याच उन्हाळ्यात वेसेला रालित्साला न्यायला आली. तिकडे शाळा चांगली, भाषा लवकर येईल, मुलीला आई लागते. सगळं खरंच होतं. मी त्यांच्याकडे टोमॅटो द्यायला गेले होते तेव्हा टेबलाशी ती दोघं बसली होती. वेसेला म्हणाली, "तूही चल ना."

ओग्न्यानने तिच्याकडे बघितलं. "मला बोलावतेयस, का बोलावलं नाही असं नको व्हायला म्हणून म्हणतेयस?"

वेसेलाने टेबलावरचे ब्रेडचे कण गोळा केले. मला म्हणाली, "टोमॅटो छान आहेत हं, स्तानकाताई."

मिनीबस सुटताना रालित्सा खिडकीतून हात हलवत होती, आणि तो आपला ड्रायव्हरला टायरमधली हवा तपासायला सांगत होता.

त्या हिवाळ्यात मला वरून पावलांशिवाय काही ऐकू येत नसे. मग फेब्रुवारीत पुन्हा पुठ्ठ्याची खरखर सुरू झाली. त्याने एका खोक्यात मावेल असा वाढदिवस केला. सगळं घडीचं. उघडलं की पक्षी व्हायचे, झाडं व्हायची, छतभर पसरेल असं कागदी आभाळ व्हायचं. प्रत्येक घडीवर पेन्सिलने बाण. दोऱ्याची रिळंसुद्धा आत ठेवली. पार्सल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीनतीनदा सांगितलं, वर काही ठेवू नकोस म्हणून.

वाढदिवसाला फोन लावला तेव्हा त्याने मलाही बोलावलं. पडद्यावर रालित्सा, केस कापलेले. "मिळालं ना?" त्याने विचारलं.

"हो बाबा. खूप छान आहे. थँक्यू."

"आभाळ बसलं का नीट?"

"हो, बसलं."

तिच्या मागे कपाटावर ते खोकं होतं. त्यावरची दोरी त्याने बांधलेली, गाठसुद्धा तशीच. मला दिसलं. त्यालाही दिसलं असणार, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही. "अभ्यास कर," म्हणाला.

नंतर त्याने पुठ्ठा आणला नाही. उरलेलं सामान आमच्या बालवाडीला देऊन टाकलं. पुढे मुलंच नाहीत म्हणून बालवाडीही बंद झाली आणि मी घरी बसले. एमिलियाची नात काही महिने तिच्याकडे राहायला होती. एमिलिया त्याला म्हणाली, "अरे, पोरीचा वाढदिवस आहे, कर की काहीतरी. तुझ्या हातचा मळ आहे."

तो म्हणाला, "मी पोरांचे वाढदिवस करत नव्हतो, एमिलिया. रालित्साचे करायचो."

एमिलियाला राग आला. चढेल आहे म्हणाली. मला तो चढेल वाटला नाही. मला वाटलं, याला हातच उचलवत नाही.

वर्षं गेली. वेसेला उन्हाळ्यातही येईनाशी झाली. घटस्फोट वगैरे त्यांनी केला नाही, फक्त एकमेकांना फोन करायचं हळूहळू थांबलं. मग एका ऑगस्टमध्ये रालित्सा एकटी आली, ओळखपत्र नवं करून घ्यायला. एकोणीस वर्षांची, उंच, आईबरोबरच म्हाताऱ्यांना सांभाळायचं काम करणारी. बोलताना मध्येच अडायची, आपल्या भाषेतला शब्द शोधायची. बाप-लेक एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागत होती. "तू बस." "नाही, तू बस."

जायच्या आदल्या दिवशी तिघं माझ्याकडे जेवायला बसलो. सूप संपत आलं असताना ती ताटलीकडे बघत म्हणाली, "बाबा, ते खोकं मी तेव्हा उघडलं नव्हतं."

"माहितीये."

"उघडलं असतं तर मला घरी यावंसं वाटलं असतं. आणि आईने तर माझ्यासाठी खोली घेतली होती वेगळी. तिला काय सांगणार?" तिने चमचा फिरवला. "सोळाव्या वर्षी उघडलं. एका रविवारी, आई कामावर असताना. सगळं लावलं, बाणांप्रमाणे. आभाळसुद्धा. मग त्याखाली बसले. आई यायच्या आत परत घडी घालून ठेवलं."

"एकटीच?" मी विचारलं.

"कोणाला बोलावणार, मावशी? कोणाला कळलं असतं काय आहे ते?"

ओग्न्यान उठला. मला वाटलं बाहेर जातोय. पण त्याने भांडं घेतलं आणि माझ्याच ओट्यावर कॉफी ठेवली, तिघांची. आमच्याकडे पाठ करून कॉफी वर येईपर्यंत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. संध्याकाळी जिन्यात तो मला म्हणाला, "दोरा पुरला का, ते विचारायचं राहिलं."

गेल्या हिवाळ्यात तिचा त्याला फोन आला. एरवी त्यांचं बोलणं पाच मिनिटांत संपतं. तब्येत, हवा, झालं. त्या दिवशी मी खालून ऐकत होते, तो बोलतच होता. ती ज्या बाईला सांभाळते तिला नव्वद वर्षं होणार होती. बाईचे मुलगे दूर, कोणी येणार नव्हतं. बाई बिछान्यातच असते, तिला दिसतं ते छतच. रालित्साला विचारायचं होतं, भाड्याच्या घरात, डाग न पाडता, छताला काय काय लावता येईल.

फोन झाल्यावर तो खाली माझ्याकडे आला. केस विस्कटलेले, कानाच्या मागे पेन्सिल.

"स्तानकाताई, तिकडचं पीठ कसं असतं हो? खळ धरते का त्याची?"

"मला काय माहीत रे! मी कुठे गेलेय इटलीला?"

"बारीक असेल तर गुठळ्या होतात."

"मग तिला म्हणावं आधी गार पाण्यात कालव, नंतर आच दे."

"हां. ते सांगायचं राहिलं." तो वळला, दोन पायऱ्या चढला आणि थांबला. "आत्ता फोन केला तर चालेल ना? काम करत असेल ती."

"कर," मी म्हटलं. "नाही उचलला तर उद्या कर."

तिने उचलला नाही. तो वर खोलीत फेऱ्या मारत होता, मला ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी त्याचा आवाज आला, "आधी गार पाणी. हो. गार." मग बराच वेळ काही नाही, ती बोलत असावी.