एका सेकंदातली एकशे चव्वेचाळीस चित्रं

नातीचा नवा मॉनिटर मी तिला न विचारता बिघडवला, हे आधीच कबूल करते. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे अठ्ठावन्नची, आणि ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधून नुकतीच निवृत्त झालेली. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला न कळणारं काही उरलंच नाही.

तिथे माझी सगळी नोकरी एका आकड्यावर नजर ठेवण्यात गेली: पन्नास हर्ट्झ, विजेची वारंवारता. तो एक्कावन्नकडे सरकला की घाम फुटायचा. आणि या पोरीच्या स्क्रीनच्या सेटिंगमध्ये चक्क एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ. आता हे जळणार, म्हटलं. ती कॉलेजला गेल्यावर मी आकडा पन्नासवर आणला आणि मोठ्या समाधानाने भाजी निवडत बसले.

रविवारी तिची एका गेमिंग टीमसाठी निवड व्हायची होती, आणि चार दिवस ती सरावात नुसती हरत होती. समोरचा गडी दिसेपर्यंत गोळी लागलेली असायची. चित्र मधूनच फाटायचं, वरचा अर्धा भाग पुढे, खालचा मागे. कोपऱ्यातला आकडा मात्र सांगायचा, कॉम्प्युटर सेकंदाला एकशे चाळीस चित्रं बनवतोय. म्हणजे मशीन ठीक आहे, आपलेच हात मंद झाले, असं तिनं धरलं. ताटावरून अर्धी उठू लागली, तेव्हा मी घाबरत घाबरत माझा पराक्रम सांगितला.

ती रागावली नाही. आकडा परत चढवता चढवता म्हणाली की कॉम्प्युटर कितीही चित्रं बनवो, स्क्रीन दाखवेल तेवढीच डोळ्यांना मिळतात. बाकीची मी चार दिवस वाया घालवली. मग तिनं माउस माझ्या हातात दिला.

मी तो हलवला आणि गेममधलं जंगल वळलं. भामरागडच्या रस्त्याला बसच्या खिडकीतून साग पळताना मला कधी एक पान सुटं दिसलं नव्हतं. इथे पान न् पान दिसत होतं. ती पातळ काच एका सेकंदात एकशे चव्वेचाळीस वेळा नवं चित्र मांडत होती, आणि मला सांधा कुठे सापडेना. टर्बाइनशेजारी इतकी वर्षं काढलेली मी माउस पुन्हा पुन्हा डावीउजवीकडे फिरवत राहिले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, मी आज कॅप्टनले फोन करून माहं नाव काढून घेणार होती. सरक जराशी. इथीच बस, अन् पाहून सांग मले, माहे हात खरंच मंद झाले का."