ठसका न आलेली मिरची

तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सावंतवाडीच्या बाजारात बियाण्यांच्या दुकानात मी साठ रुपये दिले आणि ढब्बू मिरचीच्या बियांचं एक पाकीट घेतलं. हजर तिघं: मी, माझी आई आणि शेजारची काकी. काकी नात्याची नव्हे. आमच्या आणि तिच्या परसांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, आणि त्या गडग्यात एक माणूस जाईल एवढी वाट दोन्ही घरांनी मिळून ठेवलेली होती. आई आणि काकी त्या वाटेने दिवसातून किती वेळा ये-जा करत, ते मीसुद्धा कधी मोजलं नाही.

ढब्बू मिरची घ्यायचं कारण आईचं पोट. डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलं होतं. जिच्या परसातली मिरची वाडीभर मागून नेत, तिच्या ताटात आता पिवळं वरण आणि भात. परसातली ती मिरची आखूड, काळपट लाल, वाळली की सुरकुतणारी. तिला वेगळं नाव नव्हतं, सगळे 'घरची' म्हणत. बी आईच्या सासूकडून आलेलं.

दुकानात काकीने पाकिटावरचं चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"ह्येका मिरची कित्याक म्हणतत गो? भोपळो म्हणा."

"तुका कोणी खा म्हटल्यान?" आई म्हणाली.

"फुकट दिलंस तरी नको माका. वारो भरलेली मिरची ती."

घरी येऊन आईने करवंट्यांना भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं आणि एकेका करवंटीत दोन-दोन बिया टोचल्या. मी पाकिटातल्या बिया मोजल्या होत्या. छत्तीस. त्यातल्या एकवीस उगवल्या. ढब्बूची वेगळी रांग करावी म्हणून मी विहिरीच्या बाजूला दोरी लावली होती. आईने ती गुंडाळून ठेवली आणि रोपं आपल्या घरच्या मिरच्यांच्या मधल्या जागांत लावली, एक तिखट, एक गोडी. मी विचारलं, तर म्हणाली, "एकटी एकटी वाढूची नाय ती. परकी आसत."

माघात ढब्बू धरल्या, लहान मुलाच्या मुठीएवढ्या. आई त्या खोबऱ्यात परतून खायची आणि काकीला दाखवून खायची. घरची मिरची नेहमीसारखीच तिखट होती. तिचं बी आईने चुलीच्या राखेत घोळून बरणीत ठेवलं.

पुढच्या वर्षी त्या बियांची मिरची थोडी अंगाने भरली. तिखट होती, पण पूर्वीइतकी नाही, असं मला वाटलं. आईला चव घेता येत नव्हती. तिने एक मिरची बोटांत दाबून पाहिली. मग बी काढलं, राखेत घोळलं, बरणीत भरलं. श्रावणात ती गेली.

चुलीवर मिरची भाजताना तिला ठसका लागायचा. पडवीत बसून मला तो ऐकू येई, आणि जेवण कुठवर आलं ते त्यावरून कळे. ती गेल्यावर पहिले काही महिने तो ठसका मला अधूनमधून ऐकू आला. स्वयंपाकघरात बायको तर भात उपसत असायची. मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखा हिशेब नव्हता तो.

दिवाळीनंतर मी तिच्याच करवंट्यांत तिचं बी पेरलं. बारा रोपं जगली. ढब्बू त्या वर्षी घेतली नाही. खाणारं कोणी नव्हतं. मिरच्या अशा धरल्या की बायको म्हणाली, आईच आली जणू. काही झाडांच्या मिरच्या तर मोठ्या, जाड, तुकतुकीत लाल. चैत्रात खळ्यात बांबूच्या तट्ट्यावर वाळत घातल्या, तेव्हा येणारा-जाणारा थांबून बघायचा.

त्याच सुमारास मुलगी बाळंतपणाला घरी आली होती. नात झाली. दीड महिन्याची असताना एका सकाळी काकी गडग्यातून आली, बाळाला मांडीवर घेतलं आणि तिच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "अगो बाय माझे! काय ता रूप! असा चेडू वाडीत नाय झाला!"

पुढे थुंकल्यासारखं करायचं असतं, निदान काळी तीट लावा म्हणायचं असतं. काकी ते विसरली आणि चहा पिऊन गेली.

दुपारपासून नात रडायला लागली. अंगावर पिईना. तिन्हीसांजेला बायकोने दृष्ट काढायला घेतली. मीठ, मोहरी आणि तट्ट्यावरच्या निवडून सात मिरच्या, त्यातल्या सर्वांत मोठ्या, चांगल्या दिसणाऱ्या. मूठ बाळावरून उतरवताना ती पुटपुटत होती, आल्यागेल्याची, घरच्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची. मग सगळं चुलीत टाकलं आणि आम्ही ठसक्याची वाट पाहत उभे राहिलो.

आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मिरची जळाली आणि ठसका आला, तर दृष्ट नव्हती. ठसका आला नाही, तर दृष्ट होती, आणि जितकी जड दृष्ट तितका धूर मुका.

मोहरी तडतडली. मिरच्या फुगल्या, काळ्या पडल्या, जळून गेल्या. धूर झाला, पण त्याला वास येत होता तो ओला पाला जाळल्यासारखा, जरासा गोडसर. कोणीही खोकलं नाही. मुलगी पदर नाकाला लावून उभी होती, तिने तो हळूच काढला. चूल, भिंत, भांडी, सगळं जागच्या जागी होतं, आणि आईच्या मिरचीतून आई निघून गेली होती. मला तरी तेव्हा असंच वाटलं.

"इतकी जड?" बायको म्हणाली. मग अगदी हळू, "काकी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, पुन्हा मोठ्या मिरच्या निवडून. पुन्हा धूर मुका. बायकोने बोरीची काटेरी फांदी तोडून आणली आणि गडग्यातल्या वाटेत आडवी टाकली. मी पाहत होतो. काकी पलीकडे धुणं वाळत घालत होती. ती वाटेपाशी आली, तिने काटे जवळून पाहिले, पिळलेलं लुगडं तसंच हातात धरून उभी राहिली आणि आत गेली.

तिसऱ्या दिवशी बाळाला सावंतवाडीला नेलं. डॉक्टरांनी कानात पाहिलं. कान सुजला होता. औषध दिलं, आणि दोन-तीन दिवसांत नात पुन्हा दूध प्यायला लागली. पण काटे तिथेच राहिले. वाडीत विहिरीवर बोलणं झालं. एका घरात बारशाचं बोलावणं होतं, तिथे काकीला बाळाजवळ जाऊ दिलं नाही, तिच्या हातात नारळ देऊन ओटीवरूनच वाटेला लावली. हे मला दुसऱ्याकडून कळलं.

वैशाखात बायकोने वर्षाचा मसाला केला. त्याचं पहिलंच बांगड्याचं तिकलं, एरवी तिखटजाळ असणारं ते कालवण, मी तोंडात घातलं आणि तिच्याकडे पाहिलं. तीही माझ्याकडे पाहत होती.

"मसालो पण गेलो," ती म्हणाली. "आई रागावली आपल्यार."

झाडं अजून उभी होती, शेंड्याला थोड्या मिरच्या होत्या. मी परसात गेलो आणि एकेका झाडाची एकेक मिरची चावून पाहिली. मध्ये मध्ये ताक पीत होतो. नऊ झाडं तिखट, काही कमी, काही जास्त. तीन झाडं साफ गोडी. ती तिन्ही मोठ्या, तुकतुकीत मिरच्यांची, ज्यांतून दृष्टीसाठी निवड झाली होती. मसाल्यातही त्याच भरीला गेल्या होत्या.

बियाण्यांच्या दुकानदाराला मी त्या मिरच्या नेऊन दाखवल्या. त्याने विचारलं, शेजारी ढब्बू होती का? मधमाश्या फुलांवरून फुलांवर जातात, तो म्हणाला. त्या वर्षी काही कळत नाही. बी मिसळतं. पुढच्या पिढीत फळ थोडं बदलतं, आणि त्याच्या पुढच्या पिढीत काही झाडं निव्वळ ढब्बूच्या गुणाची निघतात.

एक तिखट, एक गोडी. आईने आपल्या हाताने लावली होती.

घरी सांगितलं, तेव्हा बायको मिरच्यांची पिशवी तशीच हातात धरून बसली. म्हणाली, "मग काकीक आता काय सांगूचा?" आणि उठून कोयती घेऊन परसात गेली. काटे तिने स्वतः काढले. हाताला रक्त आलं.

मी रस्त्याने, पुढच्या दाराने काकीकडे गेलो.

"इलस? बस. माझ्या डोळ्यांत काय आसा ता बघूक इलस?"

मी मिरचीचं सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मेल्या, मोतीबिंदू आसा माझ्या दोन्ही डोळ्यांक. ताटातलो भात माका धड दिसणा नाय. तुझ्या नातीचा रूप खंय दिसाचा? तुझ्या आवशीची पणती म्हणान म्हटलंय मी ता."

तिच्या चुलीच्या वर, धुराने काळी झालेली मिरच्यांची एक माळ टांगलेली होती. आईने तिला दिलेली, ढब्बू आणली त्याच्या आदल्या वर्षीची. काकी ती फक्त दृष्टीसाठी वापरायची, म्हणून उरली होती.

"बियाणा व्हया तुका, ता माका कळला," ती म्हणाली. "देतंय. पण आधी हीच मिरची घेवन चेडवाची दृष्ट काढायची. माझ्यासमोर."

त्या तिन्हीसांजेला ती आली. काटे काढल्याचं तिला सांगितलं होतं, तरी रस्त्याने आली. बायकोने माळेतल्या सात मिरच्या घेतल्या. या वेळी पुटपुटताना शेजाऱ्यापाजाऱ्याच्या जागी ती अडखळली.

"म्हण," काकी म्हणाली. "सगळा म्हण."

बायकोने म्हटलं. मूठ चुलीत गेली आणि घर पेटल्यासारखा ठसका उठला. मुलगी बाळाला घेऊन पडवीत पळाली. बायको भिंतीला धरून खोकत होती, काकी खोकताना हसत होती की रडत होती ते धुरात कळत नव्हतं, माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आणि चुलीच्या अगदी जवळून, जिथे आमच्यापैकी कोणी उभं नव्हतं, तिथून मला एक ओळखीचा ठसका ऐकू आला. कोण किती वेळा खोकलं ते मी मोजलं नाही.

धूर निवल्यावर काकीने उरलेली माळ माझ्या हातात दिली. आई बियाणं कधी फुकट घेत नसे. फुकटचं रुजत नाही असं तिचं म्हणणं, आणि काकीलाही ते माहीत होतं. मी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं.

"तुझ्या हातान नको," काकी म्हणाली. "नातीच्या हातान."

मुलीने बाळ आणलं. बायकोने नाणं बाळाच्या मुठीत धरवलं, वरून आपला हात ठेवला आणि ती मूठ काकीच्या तळहातावर उघडली. काकीने बाळाकडे पाहिलं, खूप जवळून पाहिलं.

"बरा आसा," ती म्हणाली. "ज्यास्त काय म्हणाचंय नाय मी."

पाच रुपये. दिले नातीने, घेतले काकीने.